वाडीच्या विहिरीची जागा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या मनात काय चाललंय ते तिला माझ्या ताटाकडे बघून कळतं — हे मात्र इतक्या वर्षांत कळलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि मला भीती वाटते. बाकी सगळं नंतर, आधी भीती.

मी पाणाड्या आहे. म्हणजे पोटापाण्याला शेतीच, कशेळ्याच्या अलीकडे. पण जमिनीखाली पाणी कुठे आहे ते दाखवतो, म्हणून लोक ओळखतात. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडे, आणि अनवाणी चालायचं. पाण्यावर आलं की नारळ उभा राहतो. माझे वडीलही हेच करायचे. तुम्ही हसाल — खुशाल हसा. फार्महाऊस बांधणारे मुंबईचे इंजिनिअरसुद्धा आधी हसतात आणि बोअर मारायच्या आदल्या दिवशी गुपचूप गाडी पाठवतात.

नारळ आपोआप उभा राहतो का? वडिलांना विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. मी उंबर बघतो, वारुळं बघतो, उन्हाळ्यात गवत कुठे हिरवं राहतं ते बघतो, आणि मग हाताला कळतं. कधी नारळ आपण होऊन उठतो. कधी — मनगट थोडी मदत करतं. हे पाणाड्याने बोलायचं नसतं. पण आता लपवून तरी काय करू?

आमच्या शेताच्या वर, डोंगराच्या पायथ्याला, ठाकर आदिवासींची वाडी आहे. उन्हाळ्यात तिथल्या बाया ओहोळ उतरून खालच्या झऱ्यावर जातात आणि वाटीने हंडा भरतात. वाटीने! वाडीतून धरण दिसतं. त्याचं पाणी मोठ्या पाइपातून शहराकडे जातं, वाडीला नुसतं बघायला मिळतं. एका वर्षी वाडीने ठरवलं, सरकारची वाट बघायची नाही, आपली विहीर आपणच खणायची. मला बोलवायला यमीबाय आली. वाडीतली सगळ्यात खमकी बाई. आमच्याकडे भातलावणीला यायची, आणि पावसाळ्यात न विसरता रानातली करटुली भाजीला आणून द्यायची.

"नाना, तू दाखव रं," म्हणाली. "तू दाखवशील तितं आमी खनू."

त्या उन्हाळ्यात मी घाबरलेला होतो. सगळीकडे फार्महाऊसं उठत होती. प्रत्येकाला पोहायचा तलाव हवा, हिरवळीवर फवारे हवेत, आणि प्रत्येकाचा बोअर शेजाऱ्यापेक्षा खोल. आमच्या गावातल्या विहिरी एकामागून एक कोरड्या पडल्या. माझ्या विहिरीला पाणी होतं. रोज सकाळी उठून मी आधी तिच्यात खडा टाकायचो आणि आवाज ऐकायचो, मगच चहा. काकडी, भेंडी, घर — सगळं त्या आवाजावर. आणि ते पाणी कुठून येतं ते मला ठाऊक होतं. वाडीमागच्या उंबरापासून सरळ खाली, माझ्या विहिरीत. उंबराची जागा आमच्या भावकीतल्याची, तो वाडीला नाही म्हणाला नसता. मग वरती विहीर खणली, तर माझ्याकडे काय येणार?

त्या दिवशी सगळी वाडी माझ्यामागून चालत होती. उंबराजवळ आलो आणि नारळ हलायला लागला. मी — मी बोटं आवळली. त्याला उठू दिलं नाही. तसाच पुढे गेलो, माळावर, जिथे हातभर मातीखाली काळा कातळ आहे हे वडिलांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. तिथे मनगट फिरवलं. नारळ उभा राहिला. बायांनी त्या जागेला हळदकुंकू वाहिलं. यमीबाय माझ्या पाया पडली, वयाने मोठी असून. मी पाय मागे घेतले नाहीत.

हेच ते. एवढंच.

एवढंच कसं? कातळ लागल्यावर कोणीही थांबलं असतं. ती माणसं थांबली नाहीत — नारळ उभा राहिला होता ना! मजुरीवर जायचं सोडून, पहारी बोथट होईपर्यंत खणत राहिली. मी रोज बघायला जायचो. वाटायचं, कोणीतरी म्हणेल, नाना, चुकलं तुझं. मग मीही म्हणेन, हो बाबा, दुसरीकडे बघू. कोणीच म्हणालं नाही. उलट मला सावलीत बसवून त्या वाटीने भरलेल्या हंड्यातलं पाणी प्यायला दिलं. मी प्यायलो.

कातळाखाली पाणी लागलंच नाही. पुढच्या उन्हाळ्यात यमीबाय भरल्या हंड्यासकट ओहोळात घसरली. खुबा मोडला. तेव्हापासून ती दाराच्या उंबऱ्यात बसून असते, बसल्या बसल्या सरकते. मी बघायला गेलो होतो. तीच माझी समजूत घालायला लागली.

"तुजं काय चुकलं रं? पानीच सरकलं. त्या बंगलेवाल्यांनी वढून नेलं."

मी हो म्हणालो. बंगलेवाल्यांना दोन शिव्याही घातल्या, आणि त्या घालताना मला बरं वाटत होतं. असा मी.

आणि ज्या पाण्यासाठी हे केलं, त्याचं काय झालं म्हणाल? भाजी मी केव्हाच सोडली. आता माझ्या विहिरीवर पाणी विकत न्यायला टँकर लागतात. शेलूच्या नव्या इमारतींना नळाचं पाणी पुरत नाही, तिथे जातात. वाडीतल्या बाया हंडे घेऊन जाताना भरलेला टँकर आला की बाजूला होऊन वाट देतात. यंदा होळीलाच टँकरचा पाइप हवा ओढायला लागला. आता मी खडा टाकत नाही. मला ऐकवणार नाही तो आवाज. लोक मात्र लांबून लांबून बोलवायला येतात, कारण सगळ्यांचंच आटतंय. भीतीने माझा हात थरथरतो, आणि लोक म्हणतात, नानांच्या हाताला काय गुण आहे बघा!

गेल्या आठवड्यात यमीबायची मुलगी सोनी आली. वाडी पुन्हा विहीर खणणार आहे. मी ठरवून गेलो होतो — खरी जागा दाखवायची, मग माझी विहीर राहो न राहो. वर जाऊन बघतो तर उंबर नाही. भावकीतल्याने जागा विकली. तिथे भिंत, भिंतीला फाटक, आत बोअरची गाडी उभी. मी तिथेच बोलायला हवं होतं. सगळे समोर होते. यमीबायलाही पाठीवर घेऊन आले होते.

मी वळलो आणि चालायला लागलो. कुठे, ते मलाही माहीत नव्हतं. हात इतका कापत होता की नारळ एका जागी उठला. मी उठवला नव्हता. त्या जागेखाली पाणी आहे की कातळ, मला काही कळलं नाही. देवाशप्पथ काही कळलं नाही.

"हितंच ना, नाना?" सोनीने विचारलं.

मी हो म्हणालो.

काल सकाळपासून वरून पहारींचा आवाज येतोय.