गस्तीच्या वहीतली दुपार

मदरशात, म्हणजे आमच्याकडच्या सरकारी शाळेत, मी सात वर्षं पोलीस जवान म्हणून गस्त घातली. दोन फाटकं, विहीर, बोर्डिंग, स्वयंपाकघर आणि अगदी मागे कोठी, एवढं आवार. दिवसाला चार फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर वहीत एकेका जागेपुढे ‘दुरुस्त’ लिहायचं, म्हणजे सगळं ठीक.

मला गबाळं काम सहन होत नाही. दर फेरीला घामट हातांनी लिहिलं की शाई फुटायची, ओळी वाकड्या जायच्या. म्हणून मी एक सोय काढली. सकाळीच एका बैठकीत चारही फेऱ्यांचे रकाने भरायचे आणि मग लिहिल्याप्रमाणे फिरायचं. फेरी मी चुकवत नसे, त्यामुळे यात काही खोटं आहे असं कधी मनातच आलं नाही. अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे अंमलदार, माझी वही इतर जवानांना नमुना म्हणून दाखवायचे.

सुट्टीचे दिवस होते. मुलं गावी गेली होती आणि तास वाजवायची पितळी थाळी उतरवून कोठीत ठेवली होती. किल्ली चपराशाकडे. तो म्हातारा माझ्या कितीतरी आधीपासून तिथे होता, मी त्याला चाचा म्हणायचो, तो मला जमादारसाब. त्या दुपारी फाटकावर एक बाई सीताफळांची टोपली घेऊन बसली होती. मी एक खाल्लं, मग चार खाल्ली, गप्पा मारल्या, आणि फेरीला निघालो तो विहिरीपर्यंत जाऊन परत फिरलो. कोठी राहिली. वहीत मात्र ती सकाळपासूनच दुरुस्त होती.

संध्याकाळी मी कुलूप ओढून पाहिलं. लागलेलं होतं. दुसऱ्या दिवशी कोठी उघडली तर थाळी नाही.

अमीनसाहेब आले. “किल्ली तुझ्याकडंच ना बे?”

चाचाने काही लपवलं नाही. “हुजूर, चूक माझीच हाय. दुपारी बायकू लई बिमार पडली म्हून सांगावा आला. तसाच पळालो. कुलूप नुसतं अडकवलं, लावलं न्हाई. दिवस मावळायच्या आत येऊन लावलं, पर आत बघितलं न्हाई. मधल्या वक्ताला कुणीतरी नेली.”

अमीनसाहेबांनी वही उघडली. “दुपार. कोठी. दुरुस्त. जवान कुलूप बघून गेला, अन् तू म्हणतो उघडं होतं? चोरी ती चोरी, वर किस्से सांगतो?”

चाचा माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आता सगळं मिटणार, अशीच त्याची खात्री दिसत होती. “जमादारसाब, तुमी सांगा की. दुपारी मागं आलता का?”

मी म्हणालो, “वहीत लिहिलंय.”

आलो होतो असं मी म्हटलं नाही. या एवढ्याशा फटीत मी कितीतरी दिवस लपून राहिलो.

त्याला दोन दिवस ठाण्यात बसवलं. नोकरी गेली. थाळी सापडली नाही. सकाळी वही भरणं मी त्याच आठवड्यात बंद केलं, कुणाला काही न सांगता.

वर्षभराने नेकनूरच्या बाजारात तो दिसला. जावयाकडे राहत होता. मला पाहून स्वतःच सरकून बसायला जागा केली, म्हणून माझा धीर झाला. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं: सकाळची शाई, सीताफळं, विहिरीपासून परत फिरणं. सांगताना मला हलकं वाटत होतं, हेही लिहून ठेवतो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “हे मला कावून सांगता, जमादारसाब? कुलूप उघडं व्हतं हे मला ठावंच हाय. जावई मला घरात एकटं सोडत न्हाई, काय उचलीन म्हून. ठाण्यात सांगा.”

“सांगतो,” मी म्हणालो.

“कवा?”

मी येता सोमवार सांगितला. त्यानंतर अमीनसाहेबांची बदली झाली, त्यांच्या जागी आणखी दोघे येऊन गेले. ठाणं माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. नेकनूरच्या बाजाराला मी आता जात नाही.