यशोधराबाईंनी पुरा वाचलेला निकाल

अ‍ॅडव्होकेट यशोधराबाईंना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि आईचा पदर धरून त्यांच्या भंडाऱ्याच्या कार्यालयात उभा होतो. माझी आई पार्बताबाई हिने त्यांना एवढेच सांगितले, "पोराच्या दाखल्यावर बापाचं नाव पायजे जी. ज्याचं आहे त्याचंच."

बाईंनी तिचे म्हणणे लिहून घेतले आणि मग सगळे मोठ्याने वाचून दाखवले. प्रत्येक ओळीनंतर त्या थांबत. आईने "हाव" म्हटल्याशिवाय पुढची ओळ येत नसे. आईला अक्षरओळख नव्हती. तोपर्यंत तिने जिथे जिथे अंगठा दिला होता, तिथे वर काय लिहिले आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. वाचून दाखवल्याशिवाय अशिलाचा अंगठा घ्यायचा नाही, ही बाईंची पद्धत. आज त्या पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या तरी ती बदललेली नाही. मी आता त्यांच्याकडे टंकलेखन करतो, म्हणून खात्रीने लिहितो.

आई तरुणपणी रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, टोळी घेऊन दुसऱ्या गावी जात असे. तेथील एका मोठ्या धान उत्पादकाच्या थोरल्या मुलाने लग्न करतो असे सांगून तिला दोन वर्षे शेतावरच्या घरात ठेवले. माझा जन्म झाल्यावर मूल आपले नाही म्हणून तिला परत पाठवले. त्या गृहस्थांचे नाव मी येथे लिहीत नाही. ते निकालपत्रात आहे.

दावा नऊ वर्षे चालला. ते गृहस्थ तारखांना क्वचितच येत, आणि आले तरी आई त्यांच्या तोंडाकडे बघत नसे. आम्हांला परत पाठवले त्या दिवशीच तिने तसे ठरवले होते. रक्ताच्या तपासणीला ते नाही म्हणत राहिले. शेवटी न्यायाधीशांनी सांगितले की नकार दिला तर तो तुमच्या विरुद्ध धरला जाईल, तेव्हा ते तयार झाले.

ठरलेल्या दिवशी आम्ही सगळे रुग्णालयात जमलो. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. अर्जांवर फोटो चिकटवलेले होते. आई मान खाली घालून बाकावर बसली होती. रक्त घेण्याआधी बाईंनी अर्ज हातात घेतला आणि नेहमीप्रमाणे आईला वाचून दाखवू लागल्या. समोरचे वकील हसले. "बाई, हे काय कीर्तन लावलं? अंगठे घ्या अन् मोकळे व्हा ना!"

"माझी अशील ऐकून राहिली आहे," बाई म्हणाल्या आणि पुढची ओळ वाचली. "डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा."

टेबलापलीकडच्या माणसाने डावा अंगठा शाईला लावला. आईची नजर खालीच होती, म्हणून ती त्या हातावर पडली.

"थांबा जी बाई. याचा अंगठा पुरा आहे."

कोणालाच कळले नाही. आई म्हणाली, "त्याचा डावा अंगठा अर्धा आहे. गिरणीच्या पट्ट्यात गेला. मीच हळद भरली होती."

तिने कित्येक वर्षांनंतर मान वर केली. समोर त्या गृहस्थांचे धाकटे भाऊ होते. दोघे भाऊ इतके सारखे दिसत की आम्हां कोणाला शंका आली नव्हती. त्यांनी हात खिशात घातला आणि म्हणाले, "दादाले बरं नव्हतं, म्हणून मी आलो. रक्त तं एकच आहे ना आमचं!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी हे वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले आणि त्यांनाच वाचून दाखवले. ते "हाव" म्हणाले नाहीत, पण ते वाक्य न्यायालयापुढे गेले. पुढच्या तारखेला अर्ध्या अंगठ्याचे गृहस्थ स्वतः आले आणि रक्त जुळले.

दरम्यान माझी शाळा सुटली होती. दहावीचा अर्ज भरताना गुरुजी वर्गात प्रत्येकाचे संपूर्ण नाव वाचत. माझे नाव वाचताना ते मध्ये थांबले आणि वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. निकालाची प्रत घेऊन मी पुन्हा शाळेत गेलो तेव्हा लिपिक म्हणाले, "आता काय करतोस बाप्पा? दाखला तं कधीचा निघाला." त्या दाखल्यावर वडिलांच्या जागी आजही आडवी रेघ आहे.

या गौरवग्रंथाच्या समितीने मला बाईंच्या प्रेमळ स्वभावाविषयी लिहायला सांगितले. मला त्या प्रेमळ वाटत नाहीत. निकालाच्या दिवशी मी रडलो तेव्हा त्यांनी मला जवळ घेतले नाही. "उद्या गावात येते. पंचायतीसमोर लोक जमव," एवढेच म्हणाल्या.

कोंढ्याजवळच्या आमच्या गावात त्या एस.टी.ने आल्या. माझ्या आईला ज्या ओट्यावरून नाही नाही ते बोलले गेले, त्याच ओट्यावर उभ्या राहून त्यांनी निकाल वाचायला सुरुवात केली. साठसत्तर माणसे होती. पहिल्या पानाला कुजबुज थांबली. दुसऱ्या पानाला एकाला म्हशी आठवल्या, एकाला मोटार बंद करायची राहिली होती. आईला सगळ्यांत वाईट बोललेले पहिल्या रांगेतून उठले. बाईंनी कोणाला बसा म्हटले नाही आणि एकही ओळ गाळली नाही. "हा त्यांचाच मुलगा आहे" हे वाक्य आले तेव्हा समोर आई, मी आणि एक बहिरे आजोबा होते.

आई प्रत्येक ओळीला "हाव" म्हणत होती. एका ठिकाणी मात्र अडली. "असहाय कोणाले लिवलं जी? मी कधी होती असहाय?"

"तेवढं न्यायाधीशांचं चुकलं," बाई म्हणाल्या आणि आपल्या प्रतीवर तो शब्द खोडला.

त्या दिवशी उठून गेलेल्यांपैकी दोघांचे लेख याच ग्रंथात आहेत. बाईंच्या कार्यामुळे गाव कसे जागे झाले, हे दोघांनीही लिहिले आहे. दोन्ही लेख मीच टंकित केले आणि एक अक्षरही बदलले नाही.

सत्काराच्या दिवशी मानपत्र पूर्ण वाचले जावे आणि बाईंना प्रत्येक ओळीला हाव किंवा नाही म्हणू द्यावे, अशी माझी समितीला विनंती आहे. अशाच कामासाठी आलेल्या आणखी बायांचे कागद त्यांच्या टेबलावर आहेत. बाई वाचत असताना शेवटच्या ओळीपर्यंत बसून राहायला आम्ही शिकू, तोपर्यंत त्यांना निरोगी आयुष्य लाभो. ते फार दीर्घ असावे लागेल.