पंचबाईंचा हात

मुलुंडच्या नलिनी परब यांना कबड्डीच्या मैदानावर सगळे पंचबाई म्हणतात. वय एकसष्ट, आवाज खणखणीत, आणि सख्ख्या भाचीलाही सूट नाही. गुण द्यायचा झाला की हात असा सरळ वर जाई, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शंका उरत नसे.

तोच हात गेल्या थंडीत रुसला. सकाळी उठावं तर दोन्ही खांदे आणि मांड्या आखडलेल्या. केस विंचरायलाही हात पोचेना. ते काम नवऱ्याकडे, बाळाभाऊंकडे आलं, आणि त्यांनी भांग इतका वाकडा पाडला की दुखण्यापेक्षा बाईंना त्याचंच जास्त वाईट वाटलं. तेल झालं, शेक झाला, शेजारच्या सुगंधाने सांगितलेला लेपही झाला. उतार काही पडेना.

खरी वाट लागली ती उपांत्य सामन्यात. शेवटचा गुण घाटकोपरच्या मुलींचा होता. बाईंचा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडकला. गुण कोणाला, हे कोणालाच कळेना. गोंधळ निस्तरला, घाटकोपर जिंकलं, पण गर्दीतलं एक वाक्य बाईंच्या मनात रुतून बसलं: पंच विकली गेलीय. अंतिम सामन्यात घाटकोपरसमोर मुलुंडचा संघ होता, म्हणजे भाची जान्हवी. बाईंनी यंदा आराम करावा, असं आयोजक गोड शब्दांत सुचवू लागले. त्या रात्री बाई रडल्या.

जान्हवीनेच त्यांना धरून संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दुखतात ते स्नायू, सांधे नव्हेत, मग इथे कशाला, असं बाईंनी फटकन विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या. संधिवाताच्या कुळातले काही आजार स्नायूंच्या दुखण्यानेच दार वाजवतात, म्हणाल्या. सकाळी आखडणं किती वेळ टिकतं, ते विचारलं, रक्त तपासलं. त्यात शरीरातल्या सुजेचं प्रमाण भरपूर वाढलेलं निघालं. कमी मात्रेच्या स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. डोकं ठणकलं, चावताना जबडा दुखला किंवा नजर अंधुक झाली तर त्याच क्षणी या, ती रक्तवाहिन्यांची सूज असू शकते आणि डोळ्यांवर बेतते, असं दोनदा बजावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी स्वतः वेणी घातली. आणि बाळाभाऊंची भांग पाडण्याची नोकरी सुटली.

बाईंनी हात सरळ वर करून दाखवला, तेव्हा आयोजकांनी अंतिम सामन्याची शिट्टी त्यांच्याच हाती दिली. दोन्ही संघ बरोबरीत, शेवटची चढाई जान्हवीची. कोणाला शिवण्याआधीच तिचा पाय रेषेबाहेर पडला. जेमतेम बोटभर. बाईंनी तो पाहिला आणि हात वर गेला, थेट आभाळाकडे, घाटकोपरच्या बाजूने. मैदानभर टाळ्या पडल्या.

जान्हवी धापा टाकत आली. "आत्या, अजून चार दिवस दुखला असता तर तुझं काय बिघडलं असतं गं?"

बाईंनी पोरीला दोन्ही हातांनी मिठी मारली, अगदी गळ्याभोवती.