जावईबापूंच्या तक्त्यातला लाभ

माझ्या धाकट्या दिराच्या जावयाएवढा येडा मानूस उभ्या पारनेर तालुक्यात दुसरा घावायचा न्हाई, आन् तेवढा गोड बी. जावई म्हनून तोंडावर तुमी म्हनते, माघारी त्योच. चाळिशीचा गडी, डोक्याला टक्कल, त्याच्यावर ऐन मे म्हैन्यात लोकरीची टोपी. पुन्याची चांगली नोकरी सोडून आला नि आमच्या पडवीत बसून मोबाईलवरचा खेळ बनवायला लागला. खेळ कसला, तर कोरडवाहू शेतीचा. पाऊस न्हाई पडला तर खेळनाऱ्यानं घर कसं जगवायचं, ह्याचा. मी म्हनलं, "जावईबापू, आमी त्ये खरं केलं तवा कुनी खेळ म्हनला न्हाई."

त्याला समद्याचं माप पायजे. बैल पानी प्यायला लागला की हा हातात घड्याळ धरून म्होरं हुबा. माझी भाकरी दुकानातल्या काट्यावर नेऊन तोलली, नि परत आनून म्हनतो, "मामी, कालच्यापेक्षा हलकी आहे." म्हनलं, "मग दोन खावा." हिरीपासनं चुलीपातूर भरली घागर आनायला किती पावलं लागत्यात, त्ये बघायला सोता डोईवर घागर घेतली, नि अर्ध्या वाटंत टोपीसकट न्हाला.

ही मापं लिवायला एक तक्ता हुता. कागदाचा न्हवं, इंटरनेटवरचा. त्याच्या पुन्यातल्या दोस्ताला बी दिसायचा नि माझ्या मोबाईलात बी. मी दुसरीपातूर शिकलेली, पन फोनम्होरं बोललं की त्यो लिवतो, म्हनून मला बी रकाने भरायला दिल्ते. तक्त्यातलं समदं रोज सकाळी एक बटन दाबून त्यो खेळाच्या पोटात उतरवायचा. डेटाबेस म्हनायचा त्याला. तक्त्यात नि खेळात तिळाचा फरक पडाया नको. बटन दाबलं की मातर सोता बघायचा न्हाई. बायको बाळंतपनाच्या खोलीत असल्यागत गोठ्यामागं जाऊन हुबा ऱ्हायचा नि तिथनं वरडायचा, "मामी, गेलं का?" पडदा हिरवा दिसला की मी म्हनायची, "गेलं. या आता च्या प्यायला."

वरीसभर असं चाललं. घर चालायचं मंदावर. मंदा म्हंजी माझी पुतनी, त्याची बायको, दवाखान्यात नर्स हाय. ती एक दिस म्हनली, "काकी, आता तुमीच सांगा ह्यांना. मंगळवारी पुन्याच्या कंपनीची मानसं खेळ बघायला येत्यात. घेतला तर बरं, न्हाईतर गपगुमान नोकरी धरायची."

मंगळवारी सकाळी बटन दाबलं, नि पडदा लाल. पुन्ना दाबलं, लाल. गडी भुईला बसला. तक्त्याची एकेक ओळ वाचत गेला, नि शेवटाला माझ्याकडं बघून म्हनला, "मामी, खळ्यावरच्या मापात हे काय? इथं आकडा लागतो. काल तुम्ही लाभ लिहिलंय."

"मग काय लिवू? धान्य मोजताना पयल्या मापाला कुनी एक म्हनतं व्हय? लाभ, दोन, तीन, असंच मोजत्यात."

"असंच? कायम?"

"कायम. दुष्काळाच्या साली बी सासूबाई लाभ म्हनल्या, नि पायली खाली ठिवली. दुसरं माप भरलंच न्हाई. खानारी सात तोंडं. मग गेलो तलावाच्या कामावर माती वाहायला. खोडा त्ये, एक लिवा. तुमचं काम अडलंय."

त्यानं खोडलं न्हाई. खेळालाच शिकवत बसला, लाभ आला की एक समजायचं म्हनून. मी म्हनते, अवो मानसं येतील, तर मान बी वर करंना. दारात गाडी वाजली नि पडदा हिरवा झाला. त्या दिशी गोठ्यामागं जायाचं इसरलाच.

आलेल्यांत एक पोरगी हुती. ती खेळत बसली. तिच्या खेळात बी पाऊस न्हाई पडला. खळ्यात लाभ आला नि फुडं काईच न्हाई, तवा तिनं मोबाईल खाली ठिवला नि माझ्याकडं पानी मागितलं. तांब्याभर प्याली.

खेळ घेतला त्यांनी. मंदानं पेढे वाटले. पन ऱ्हायलेलं काम त्यांच्यासंगं पुन्यात बसून करायचं ठरलं. मंदानं बी तिकडचा दवाखाना बघितला. पंधरा दिसांत पडवी रिकामी झाली. मी झाडून घेतली नि कांदे पसरले.

तक्ता मातर माझ्या मोबाईलात ऱ्हायला. फोन केला की त्यो म्हनायचा, "कामात आहे, मामी, मग करतो." मग म्हनून कदी करायचा न्हाई. पन तक्ता रोज वाचतो, त्ये मला ठाव हुतं. म्हनून एक दिस तक्त्यातच बोलले, "जेवलात का?" खेळात घरी बसलेली एक म्हातारी हाय, बोलले त्यो रकाना नेमका तिच्या बोलन्याचा निघाला.

त्यानं त्ये खोडलं न्हाई. तसंच खेळात उतरवलं. मंदा सांगती, "काकी, रानातनं घरी आलं की ती म्हातारी आता इचारती, जेवलात का. खाली हो-न्हाईची बटनं हैत. समदी हो दाबत्यात." कुठली कुठली लेकरं, तोंड बी बघितलेलं न्हाई, रोज मला जेवलो म्हनून सांगत्यात.

ज्याला इचारलं हुतं, त्यानं तेवढं अजून सांगितलं न्हाई.