गंगापूर रोडवर आई गप्प झाली

मी नाशिक सोडलं तेव्हा आई टॅक्सीचं दार धरून एकच विचारत होती, "तठे आपलं कोन शे, भाऊ?" तिची अहिराणी ऐकून माझा थोरला भाऊ, दादा, इकडेतिकडे बघत म्हणाला, "आई, हळू. लोक ऐकतायत." दादावरचा तो राग मी मॉरिशसला घेऊन गेलो. अजून उतरलेला नाही.

सटाण्याच्या कांदा लिलावात ओरडून मोठा झालेला माणूस मी. आता मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईत, कांदाच विकतो. आयातीचे कागद इंग्रजीत, व्यापारी ऐटीत फ्रेंच फाडणार, पण भाव ठरतो तो क्रिओलमध्येच. आधी फ्रेंचांनी राज्य केलं, मग इंग्रजांनी. फ्रेंच मालकांच्या मळ्यांत गुलामांनी जी बोली घडवली, तीच ही क्रिओल; ती आज तिथला वकीलही घरी बिनदिक्कत बोलतो. माझी बायको तिथल्याच मराठी घरातली. तिच्या पूर्वजांना इंग्रजांनी ऊस तोडायला नेलेलं. गणपतीची आरती मराठीत, प्रसादावरून भांडण क्रिओलमध्ये. आमची मुलगी तारा तशीच वाढली.

यंदा तिला घेऊन नाशिकला दादाच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर गेलो. जेवताना दादाने टोमणा मारलाच. "पोरीला धड मराठी येत नाही. गोऱ्यांनी बाटवलं तुम्हाला." आणि त्याच तोंडाने स्वतःच्या नातवाला, "बेटा, फिनिश युवर राइस!"

आई समोर बसलेली, तोंडातून शब्द नाही. हीच बाई एकेकाळी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची! वहिनी हळूच म्हणाली, सोसायटीत हसतात म्हणून ह्यांनी आईंची अहिराणी बंद केली. शुद्ध बोलणं आईंना जमत नाही, मग त्या बोलतच नाहीत.

माझं डोकं फिरलं. "दादा, गोरे तर कधीच गेले. इथे आता कोणाचं राज्य आहे रे? एक तर तिला तिच्या बोलीत बोलू दे, नाहीतर ती माझ्याबरोबर येते."

"झाला सौदा सुरू! हे काय मार्केट यार्ड आहे?"

आम्ही भांडत असताना तारा आजीला चिकटून बसली. आईने दबक्या आवाजात विचारलं, "तुम्हनं गाव कसं शे?"

"बों शे, आजी!" क्रिओलमध्ये बों म्हणजे छान, आणि 'आहे'साठीचं शे आजीचंच.

आई खळखळून हसली. मग दादाकडे बघत मोठ्याने म्हणाली, "मी अठेच राहसू. पन बोलसू."

आई काही मला मिळाली नाही. पण आता फोनवर ती पूर्वीसारखीच ओरडून बोलते. मागून दादा म्हणतो, "आई, हळू." ती ऐकत नाही. तेवढा वेळ मी घरी असतो.