पावतीवरची सावली

पाचोऱ्याजवळच्या एका जिनिंग कारखान्यात मी एक हंगाम फाटकावरच्या वजनकाट्यावर बसले. कापसाची ट्रॉली काट्यावर चढली की मी वजन टर्मिनलवर टाइप करायचे. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. खरा कॉम्प्युटर पार ऑफिसात, मध्ये लांबलचक वायर. प्रिंटर मात्र टर्मिनलच्या पाठीमागच्या पोर्टला जोडलेला होता. त्यामुळे पावती फाटकापाशीच निघायची. एक प्रत शेतकऱ्याला, एक ऑफिसला.

फाटकावर सावली नव्हती. फेब्रुवारी सरला की माणसं ट्रॉलीखाली सरकून बसायची. ज्यांच्या कापसावर जिनिंग चालतं त्यांनीच उन्हात भाजायचं, हे मला मान्य नव्हतं. मी शेठना दोनदा सांगितलं. "हंगाम संपतोच आहे," ते दोन्ही वेळा म्हणाले.

एकदा पावती निघताना खिडकीतून आत वाकलेल्या एका आबांचं कोपर कीबोर्डवर टेकलं आणि वजनाखाली 'के' अक्षरांची रांगच उमटली.

"हाई काय शे?"

"आबा, तुमचं कोपर शे."

"मंग कोपरनं वजन कापू नको, पोरी."

मला कळलं ते असं: प्रिंटर चालू असताना दाबलेलं अक्षर पडद्यावर न जाता थेट कागदावर पडतं. वडिलांच्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर बाराखडी गिरवून मोठी झालेली मी. मला तर छापखानाच सापडला. पुढच्या पावतीची शेवटची ओळ उमटत होती तेवढ्यात मी टाइप केलं. यंत्राला इंग्रजी अक्षरंच यायची, म्हणून त्या अक्षरांत मराठी: फाटकावर सावली पाहिजे. मग दिवसभर प्रत्येक पावतीवर तेच.

संध्याकाळी वडिलांना एक पावती दाखवली. पत्रकं वाटण्यात त्यांचा जन्म गेला.

"मागणी एकच आहे, हे चांगलं. पण मागतंय कोण? निनावी पत्रक म्हणजे पाठीमागून मारलेला दगड."

"सही केली तर नोकरी जाईल."

"मग दगडच मार," म्हणत ते जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी मागणीखाली आणखी दोन शब्द आले: काटा ऑपरेटर.

दुपारी शेठ पावत्यांचा गठ्ठा घेऊन स्वतः फाटकावर आले. माझ्या खोलीत दुसऱ्या माणसाला जागा नव्हती, म्हणून दाराबाहेर उन्हातच उभे राहिले.

"कागद माझा, रिबन माझी, वीज माझी. आणि पत्रक कोणाचं?"

"माझं."

"मग उद्यापासून घरी बसून छाप."

तेवढ्यात ट्रॉलीखालून आबांचा आवाज आला. "शेठ, सावली पावतीवर शे, डोकावर नही."

सगळे हसले. शेठनी मान पुसली, वर पाहिलं, पुन्हा मान पुसली. मग हमालाला म्हणाले, "गोडाऊनमधली ताडपत्री आण. चार बांबू पण." आणि माझ्याकडे न बघता, "उद्या वेळेवर ये. अन् ते खालचं काढ."

मी काढलं. पुढच्या खेपेला आबा ताडपत्रीखाली उभे राहून पावती उलटसुलट बघत होते.

"खालनं कोठे गयं?"

"आबा, सावली मिळाली ना."

"मंग आते पानी लिख."