डावे हात

काल दुपारी मी वाढायला असते त्या खानावळीत सगळ्यांचे डावे हात एकदम वर गेले. उजवे वरणभातात होते. मालकीणबाईंनी विचारलं होतं, "उद्यापासून आत विडी-सिगारेट बंद करू म्हणते. कुणाकुणाला पटतंय?" जेवण झालं की सिगारेट पेटवणाऱ्या काकांचाही हात वर होता. "मला माझा धूर चालतो हो, दुसऱ्याचा नाही," ते म्हणाले आणि सगळे हसले.

"सुमन, तुझा हात कुठाय? दिवसभर धूर तूच गिळतेस," बाई म्हणाल्या. इथं बडोद्यात माझं मत कुणी विचारील असं वाटलं नव्हतं. वरणाचं पातेलं खाली ठेवून मीही हात वर केला.

आणि लगेच आई आठवली. सातवीत माझी शाळा सुटली ती आईबरोबर विड्या वळायला. गावी आमच्या एका खोलीत ती अजून सूप मांडीवर घेऊन विड्याच वळते. लोकांनी ओढायचं सोडलं तर तिनं काय करायचं?

संध्याकाळी फोनवर भीत भीत सांगितलं.

"बरं केलंस गं," आई म्हणाली. "तुझी तरी छाती नीट राहू दे."

एवढं बोलताना ती दोनदा खोकली. तंबाखूची भुकटी तिच्या खोलीतही उडते, पण तिथं बंदी हवी का, असं तिला कुणी विचारत नाही. विचारलं तर ती म्हणेल, "मग खायचं काय?" म्हणून मीही कधी विचारलेलं नाही.